कलम ५६

पक्षात वर सरकायचं तर अंगावर केस लागते. हे कुठल्या बैठकीत कुणी बोलून दाखवत नाही. पण पदं वाटायची वेळ आली की विचारणा होते, "आंदोलनाच्या केसेस किती?" ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, तो आपोआप सतरंज्या उचलणाऱ्यांत जातो.

माझी पहिली केस हंडा मोर्चाची. २००५ चा उन्हाळा. बायका रिकामे हंडे घेऊन महापालिकेच्या दारात बसल्या आणि आम्हा पोरांवर कलम ३७(१)(३) सह १३५ लागलं. कायदा १९५१ चा. तेव्हा त्याला मुंबई पोलीस कायदा म्हणायचे, आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. शहरात जमावबंदीचा आदेश पंधरा-पंधरा दिवसांनी नव्याने निघतच असतो, त्यामुळे घोषणा द्यायला पाच जण उभे राहिले की गुन्हा तयार. संध्याकाळी भाऊ, म्हणजे आमच्या वॉर्डातले पक्षाचे पुढारी, पोलीस ठाण्यात आले, आम्हाला सोडवलं, बाहेर टपरीवर चहा पाजला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता तू आपला." त्या केसमध्ये आरोपी क्रमांक एक स्वतः भाऊच होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२००७ ला एक वॉर्ड एक नगरसेवक अशी निवडणूक झाली आणि भाऊ निवडून आले. २०१२ ला महिलांचं आरक्षण पन्नास टक्क्यांवर गेलेलं, प्रभाग दोन सदस्यांचे झालेले. सोडतीत भाऊंची जागा महिलांसाठी निघाली आणि वहिनी नगरसेविका झाल्या. वहिनी सही करायच्या. सभागृहात कधी तोंड उघडायची वेळ आली तर प्रश्न मी लिहून द्यायचो. बाकी सगळं भाऊ बघायचे आणि भाऊंचं सगळं मी बघायचो.

बाहेरच्यांना वाटतं, यंत्रणा म्हणजे गाड्या, पैसे, दारू. ते शेवटच्या आठवड्यातलं. खरी यंत्रणा म्हणजे मतदार यादी, आणि ती पाच वर्षं रोज राबवावी लागते. माझ्याकडे यादीभागांप्रमाणे शिवलेल्या वह्या होत्या. हिरवी टिक म्हणजे आपला, लाल फुली म्हणजे समोरच्याचा, पेन्सिलीचा गोल म्हणजे अजून ठरायचाय. नावासमोर बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं: सासू आपली, सून नाही. मुलगा कंपनीत, पहिल्या पाळीला, सकाळी सातलाच काढणे. घर विकून गेले, नाव इथेच, नवा फोन नंबर. म्हाताऱ्याचं निराधारचं काम आपण केलंय.

निराधारचं काम म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. तेव्हा महिन्याला ६०० रुपये मिळायचे आणि त्यासाठी वर्षाला २१ हजारांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागायचा. तहसील कचेरीतून असे दाखले मी इतके काढले की कागदावर आमचा वॉर्ड राज्यातला सगळ्यात गरीब वॉर्ड ठरला असता. पण त्या सहाशे रुपयांवर म्हातारीची औषधं चालायची हेही खरं. आणि म्हातारीच्या घरात पाच मतं होती, हेही.

नवीन नाव नोंदवायला नमुना ६, वगळायला नमुना ७, दुरुस्तीला नमुना ८. यादीसाठी घरोघरी फिरणारा निवडणुकीचा माणूस तो बीएलओ, बहुतेक वेळा अंगणवाडीची ताई नाहीतर पालिकेच्या शाळेतले गुरुजी. त्यांच्या गळ्यात हे जास्तीचं काम, मानधन तुटपुंजं, वर उन्हातान्हात दारोदार फिरायचं. मी त्यांच्याबरोबर फिरायचो, पाणी द्यायचो, चौथ्या मजल्यावर मीच चढून यायचो. त्यामुळे कुणाचं नाव "स्थलांतरित" म्हणून खुणावलं जातंय आणि कुणाचं राहतंय हे मला आधी कळायचं. समोरच्याचे गेलेले लोक आम्ही नमुना ७ भरून काढायचो. आमचे गेलेले लोक राहायचे, आणि मतदानाच्या दिवशी टेम्पोने यायचे. समोरची यंत्रणाही हेच करायची, फक्त त्यांचा माणूस आळशी होता.

या सगळ्यात केसेस वाढत गेल्या. रास्ता रोकोची. पालिकेच्या पाणी खात्यातल्या अभियंत्याच्या केबिनमध्ये झालेल्या बाचाबाचीची. त्यात कलम ३५३ लागलं, सरकारी कर्मचाऱ्यावर बळाचा वापर. भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून मालमत्ता विद्रूपीकरण कायद्याखाली एक. मतमोजणीच्या दिवशी दोन गटांत झालेल्या मारामारीत कलम ३२४, हत्याराने दुखापत. शिवाय प्रत्येक निवडणुकीआधी आणि गणपतीआधी चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखीन असं बंधपत्र लिहून द्यायचं. मी फार मनावर घ्यायचो नाही. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे शासन निर्णय अधूनमधून निघतात. जीवितहानी झालेली नसावी, नुकसान पाच लाखांच्या वर नसावं, अशा अटी असतात, आणि समितीपुढे यादी जाते. "यादीत तुझं नाव टाकलंय," असं भाऊ दर वेळी सांगायचे. यादी बनवणाऱ्या माणसाला हे सांगितलं की त्याचा चटकन विश्वास बसतो.

२०१६ च्या जुलैत एक हवालदार घरी नोटीस घेऊन आला. त्याच पोलीस कायद्याच्या कलम ५९ खालची नोटीस, सहायक पोलीस आयुक्तांच्या सहीची. विषय: कलम ५६(१)(अ)(ब) अन्वये हद्दपार का करू नये. मी ती जिन्यातच वाचली. सुरुवातीला माझ्या सगळ्या केसेस तक्त्यात मांडलेल्या: अनुक्रमांक, गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, सद्यस्थिती. पदासाठी दिलेल्या अर्जाला मी जी यादी जोडली होती, तीच ही, फक्त शीर्षक वेगळं. ज्यातून निर्दोष सुटलो होतो ती केसही त्यात "न्यायप्रविष्ट" म्हणून होती.

तक्त्याखाली गोपनीय साक्षीदार "अ" आणि "ब". कलम ५६ मधल्या एका भागाला हे लागतं, की साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे यायला तयार नाहीत. त्यामुळे नाव नाही, पत्ता नाही, तारीखही मोघम. साक्षीदार "अ" चा म्हणे छोटा धंदा होता. मी साथीदारांसह आलो, चाकूचा धाक दाखवला, त्याच्या गल्ल्यातले बाराशे रुपये काढून घेतले, "मी इथला भाई आहे" असं ओरडलो, त्यावर लोक सैरावैरा पळू लागले आणि दुकानदारांनी शटर खाली ओढली. साक्षीदार "ब" चं सगळं तसंच, फक्त रक्कम आठशे आणि चाकूऐवजी चॉपर. पुढे वकिलांनी त्यांच्याकडच्या दुसऱ्या तीन-चार अशिलांच्या नोटिसा दाखवल्या. सैरावैरा पळणारे लोक आणि खाली येणारी शटरं सगळीकडे होती.

मी पैसे वाटलेत. मतदानाच्या आदल्या रात्री लक्ष्मीदर्शन कुठल्या गल्लीत किती, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण गल्ल्यातून बाराशे? ज्यांना दिले त्यांच्या वह्या माझ्याकडे होत्या, घेतल्याची वही कधी नव्हती.

नोटीस घेऊन भाऊंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली, घडी घातली, परत दिली. "निवडणुकीच्या तोंडावर असले कागद फिरतातच. मी बोलतो. तू कामाला लाग." मी कामाला लागलो.

सुनावणीला वकील नेता येतो, साक्षीदारही देता येतात. मी सविस्तर खुलासा लिहून नेला होता. त्यात एक वाक्य होतं: "सदर गुन्ह्यांपैकी बहुतेकांत आरोपी क्रमांक एक दुसरेच आहेत, त्यांच्याविरुद्ध असा प्रस्ताव का नाही?" वकिलांनी पेनाने ते खोडलं. म्हणाले, "हे लिहिलंत तर उद्यापासून तुमच्या बाजूने फोन करणारा एक माणूस कमी होईल." फोन कधी होणारच नव्हता हे त्यांना आणि मला दोघांनाही तेव्हा माहीत नव्हतं. कार्यालयात साहेब सभ्य होते. खुलासा घेतला, पोच दिली, "काही सांगायचंय?" विचारलं. मी निर्दोष सुटल्याच्या निकालाची नक्कल पुढे केली. त्यांनी ती फाइलमध्ये लावायला सांगितली. वॉर्डातल्या चार बायका साक्ष द्यायला आल्या होत्या, त्यातल्या दोघींचे निराधारचे पगार मी सुरू करून दिलेले. त्यांचे जबाब घेतले आणि आदेशात त्यांच्याबद्दल एकच ओळ आली: "सदर साक्षीदार हितसंबंधी आहेत."

दरम्यान पावसाळा संपला आणि नव्या प्रभागांची सोडत निघाली. २०१७ साठी चार सदस्यांचे प्रभाग: अ, ब, क, ड. आमच्या जुन्या वॉर्डाच्या कितीतरी पट मोठा तुकडा झाला. एका गल्लीतल्या पंचवीस मतांवर जिथे निकाल फिरायचा, तिथे आता चौघांचं पॅनल, आणि पॅनल म्हणजे पैसा. ड जागा सर्वसाधारण निघाली. मी भाऊंना म्हणालो, ती मला द्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं. भाऊ हसले, "बघू ना, तुझ्याशिवाय कोण आहे?" असं म्हणाले. त्यानंतर घरी गेलो की ते बाहेर गेलेले असायचे.

मग ८ नोव्हेंबर आला. नोटाबंदी. निवडणुकीसाठी आधीच गोळा करून ठेवलेल्या पाचशे-हजारच्या नोटा एका रात्रीत कागद झाल्या, आणि एकदम मी पुन्हा हवासा झालो. बचत गटाच्या बायका, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या मावश्या, कुणाचं खातं कुठल्या बँकेत हे मला तोंडपाठ. साध्या खात्यात अडीच लाखांपर्यंत विचारणा होणार नाही, जनधनला पन्नास हजार, असं सांगितलं जात होतं. रांगा मी लावल्या, चहापाणी मी पुरवलं, वह्यांत कुणाचं किती हे मीच लिहिलं. जुन्या नोटा भरायची मुदत ३० डिसेंबरपर्यंत होती. आमचं काम त्याच्या बरंच आधी आटोपलं. आणि त्याच आठवड्यात उपायुक्तांचा हद्दपारीचा आदेश निघाला. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही. मला विचाराल तर भाऊंनी माझ्याविरुद्ध काही केलं नसावं. काही न करणंच पुरेसं होतं.

आदेश पोलीस ठाण्यात बोलावून बजावतात. आमचा जिल्हा आणि लगतचे दोन, मुदत दोन वर्षं. कायद्याने दोन वर्षं ही कमाल मर्यादा आहे. मला सरळ कमालच दिली. सही घेतली, कुठे राहणार ते विचारून लिहून घेतलं, घरी जाऊन कपडे घ्यायला दोन शिपाई सोबत. आईने डबा दिला. तो पोलिसांनी उघडून बघितला आणि परत बांधून दिला. गाडीतून हद्दीबाहेर नेऊन एका हायवेच्या हॉटेलापाशी सोडलं. त्यातला एक शिपाई ओळखीचा, त्याच्या आईचं रेशन कार्ड मीच करून दिलेलं. तो हळूच म्हणाला, "दादा, आत येऊ नका हां. १४२ लागतं." परवानगीशिवाय हद्दीत आलं तर कलम १४२, दोन वर्षांपर्यंत कैद.

मी मिरजेला मावशीकडे गेलो. तिथल्या पोलीस ठाण्यात पत्ता नोंदवला. पहिले काही आठवडे फोन हातात घेऊन बसायचो. २१ फेब्रुवारीला मतदान होतं. मतदानापुरतं येऊ द्या असा अर्ज केला, त्याचं उत्तर निकाल लागल्यावर आलं. भाऊंच्या पॅनलचे तीन आले. ड जागेवर एका बिल्डरचा पुतण्या निवडून आला, त्याला मी नाक्यावर उभं राहायलाही कधी पाहिलं नव्हतं. त्या रात्री मी मिरवणुकीचा व्हिडिओ बघितला. कोण कुठे नाचतंय ते नाही बघितलं. पोरांच्या हातात काय आहे ते बघत होतो. मोबाइलला जोडलेली छोटी प्रिंटरं होती, मतदार चिठ्ठ्या छापायची.

मिरज दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, कोकणातून माणसं येतात, नातेवाईक बाहेर फूटपाथवर बसलेले. राजीव गांधी जीवनदायी योजनेत पिवळ्या आणि केशरी कार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखांपर्यंतचे उपचार होते (त्याच वर्षी योजनेला महात्मा फुल्यांचं नाव दिलं), पण कार्डावर नाव चुकलेलं, आधारवर वेगळं, पेशंट विवाहित मुलगी आणि नाव अजून माहेरच्या कार्डात. दवाखान्यात योजनेचे कागद बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी लोक अडकायचे आणि मला राहवायचं नाही. कुठला कागद कुठून काढायचा हे मला येत होतं. तिथे एकाही माणसाचं मत माझ्या उपयोगाचं नव्हतं. हे सुरुवातीला फार चमत्कारिक वाटायचं. काम झालं की हात आपोआप खिशातल्या वहीकडे जायचा.

कोर्टाच्या तारखेला हद्दीत येता येतं. आधी पोलीस ठाण्याला कळवायचं, काम झालं की परत. अशाच एका तारखेला ३५३ च्या केसमध्ये भाऊ भेटले. "तब्येत उतरली रे," म्हणाले. बाकी काही नाही.

हद्दपारीविरुद्ध कलम ६० खाली ३० दिवसांत अपील करता येतं. ज्याला नोटीस येईल त्याने हे तीस दिवस सगळ्यात आधी कॅलेंडरवर लिहावेत, नेत्याच्या शब्दावर घालवू नयेत. माझं अपील विभागीय आयुक्तांसमोर चाललं आणि फेटाळलं गेलं. मग पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि उच्च न्यायालयात रिट याचिका. तिथे गोपनीय जबाब मोहरबंद लिफाफ्यात न्यायमूर्तींपुढे जातात, आपल्याला दिसत नाहीत. ते काय बघतात हे वकिलांनी मला आधीच सांगितलं होतं: त्या जबाबांची कुणा वरिष्ठाने खातरजमा केली आहे का, केसेस ताज्या आहेत का, जुन्या गुन्ह्यांचा आणि आजच्या आदेशाचा जिवंत संबंध आहे का, आणि गुन्हे एका ठाण्याच्या हद्दीतले असताना तीन जिल्हे कशासाठी. आमच्या बाबतीत चारही ठिकाणी उत्तर आमच्या बाजूचं निघालं. निकाल काही मिनिटांत झाला. आदेश रद्द. पुढे जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या दीपक लक्ष्मण डोंगरे प्रकरणात हेच फार स्पष्ट लिहिलं: हद्दपारी हा असाधारण उपाय आहे, संचारस्वातंत्र्यावर घाला आहे, अधिकाऱ्याचं समाधान कशावर झालं ते आदेशात दिसलं पाहिजे, आणि थेट दोन वर्षं द्यायची तर त्याचं कारण दिलं पाहिजे. तो निकाल मी छापून ठेवलाय. आता कुणाला नोटीस आली की त्याची प्रत मागायला लोक माझ्याकडे येतात.

परत आलो तेव्हा कार्यालयात माझ्या खुर्चीवर एक पदवीधर मुलगा होता. त्याने उठून खुर्ची दिली, चहा मागवला, मला "सर" म्हणाला. माझ्या वह्या मागितल्या तर लगेच पिशवीत भरून दिल्या. "सगळ्या स्कॅन झाल्यात सर, अॅपमध्ये टाकल्यात. तुमची ती सासू-सूनवाली टिपणं फार कामाला आली." मी वह्या घेतल्या. भाऊ आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होते.

त्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. पालिकेवर प्रशासक बसला, नगरसेवक सगळेच माजी. नळाला पाणी नाही म्हणून कुणाकडे जायचं हे लोकांना कळेना, आणि ज्यांच्याकडे जायचे त्यांना अधिकारी ओळख देईनात. भाऊंनी तोवर पक्ष बदलला होता. पोरांचा पगार थकल्यावर अॅपवाला मुलगा एका आमदाराकडे गेला, वह्यांचा स्कॅन घेऊन. मी नाक्याजवळ छोटी जागा घेऊन अर्ज भरून देतो, दाखले काढून देतो. पैसे घेतो, दर फळ्यावर लिहिलेत. नमुना ६ फुकट.

अभियंत्याची ३५३ ची केस अजून चालू आहे. आरोपी क्रमांक एक भाऊ, क्रमांक सात मी. फिर्यादी अभियंता निवृत्त झालाय. मागच्या तारखेला तपासी अंमलदार हजर नव्हता म्हणून पुढची पडली. बाकावर भाऊ शेजारी बसले होते, त्यांनी नव्या मतदार यादीचा विषय काढला: आपल्या जुन्या वॉर्डातली बरीच नावं गळलीत म्हणतात, तुझ्याकडे त्या वह्या आहेत ना अजून? आहेत, म्हणालो. आणि दर फळ्यावर आहेत म्हणून सांगितलं.